ई, आय, पाय : एका प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात गणितावरचा लेख म्हणजे लग्नाच्या पंगतीत कारल्याची भाजी, असे संपादक मंडळातील एका विद्यार्थ्याने मला हसत हसत सांगितले. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तरीही हा लेख लिहीत आहे, कारण एका विद्यार्थिनीला द्यावयाचे उत्तर माझ्याकडून राहून गेले आहे. यंदा मी सेवानिवृत्त होत आहे. जाण्यापूर्वी हे देणे फेडावे, एवढाच या लेखामागचा हेतू.

१९९४ सालची गोष्ट. मला नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती. प्रथम वर्ष कला वर्गात गणित घेतलेली अवघी अकरा मुले होती. त्या दिवशी संमिश्र संख्यांचे प्रकरण संपवताना मी फळ्यावर एक सूत्र सिद्ध केले आणि शेवटच्या ओळीत आलेले समीकरण मोठ्याने वाचून दाखवले : “ई चा आय-पाय हा घात, अधिक एक, बरोबर शून्य.” ई, आय, पाय हे शब्द एका दमात ऐकून मागच्या बाकावरची मुले हसली. मीही हसलो आणि वर्गात नेहमी फेकावयाचे ते वाक्य फेकले : “गणितातलं हे सर्वांत सुंदर समीकरण आहे.”

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, हे खरं आहे ते पटलं. पण हे समीकरण म्हणतंय काय? आणि त्यात सुंदर काय आहे?”

मी घड्याळाकडे पाहिले आणि उत्तर दिले, “परीक्षेत सिद्धता विचारतात, अर्थ विचारत नाहीत. सिद्धता पाठ करा. बसा खाली.”

ती बसली. वर्षभरात तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही, आणि पुढच्या वर्षी गणिताच्या वर्गात ती दिसली नाही. माझ्या उत्तरामुळेच तिने गणित सोडले असे मी म्हणणार नाही. तिच्या मनातले मला ठाऊक नाही. माझ्या मनातले मात्र ठाऊक आहे. तिला गप्प बसवले, कारण उत्तर मलाच येत नव्हते.

पाच संख्यांची ओळख

या समीकरणात पाच संख्या आहेत. शून्य आणि एक यांची ओळख करून देण्याची गरज नाही. शून्य मिळवून काही बदलत नाही आणि एकाने गुणून काही बदलत नाही, एवढे त्यांचे वैशिष्ट्य लक्षात ठेवले म्हणजे पुरे. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये सांगून ठेवले आहेत.

तिसरी संख्या पाय. हा चालावयाचा पाय नव्हे, वर्तुळाचा पाय, असे आमचे शाळेतले गुरुजी सांगत. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले म्हणजे ती मिळते : ३.१४१५९… आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे पायची किंमत ३.१४१६ आली. विशेष असे की, हे उत्तर ‘आसन्न’ आहे, म्हणजे जवळचे आहे, असेही त्याने नमूद केले.

चौथी संख्या ई. ही सावकाराच्या वहीतून आली म्हणावयास हरकत नाही. समजा, एक रुपया दरसाल शंभर टक्के व्याजाने ठेवला. वर्षअखेर दोन रुपये होतील. व्याज सहामाही मुद्दलात मिळवले तर २.२५, तिमाही मिळवले तर २.४४, दरमहा मिळवले तर २.६१ आणि रोज मिळवले तर २.७१ रुपये होतील. व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळत राहिले तरी रुपयाचे तीन होत नाहीत. ही वाढ २.७१८२८… या संख्येपाशी थबकते. याकोब बर्नुली या स्विस गणित्याने १६८३ च्या सुमारास चक्रवाढ व्याजाच्या अशाच प्रश्नातून ही मर्यादा शोधली. जी गोष्ट आपल्या आकाराच्या प्रमाणात वाढत जाते, तिच्या हिशेबात ई येतेच.

पाचवी संख्या आय, म्हणजे उणे एकाचे वर्गमूळ. येथे आपली मुले अडतात, आणि त्यांत लाजण्यासारखे काही नाही. कारण धन संख्येचा वर्गही धन आणि ऋण संख्येचा वर्गही धन, तेव्हा ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे खुद्द भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात लिहिले आहे. पाटणच्या शिलालेखामुळे ज्यांच्या घराण्याचे नाते आपल्या चाळीसगाव परिसराशी जुळते, तेच हे भास्कराचार्य. पुढे १५४५ मध्ये इटलीतल्या कार्दानोने एक कोडे घातले : दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार चाळीस यावा. उत्तरात उणे पंधराचे वर्गमूळ आले. कार्दानोने ते लिहिले खरे, पण त्याला ते निरुपयोगीच वाटले. १६३७ मध्ये देकार्तने अशा संख्यांना ‘काल्पनिक’ म्हटले आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले.

एक वर्तुळातून आलेली, एक व्याजातून, तर एक कल्पनेतली. यांचा एकमेकींशी संबंध काय?

आधी सिद्धता

संबंध लेओनार्ड ऑयलरने दाखवला. हा १७०७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जन्मला आणि १७८३ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे वारला. ऐन उमेदीत एका डोळ्याची दृष्टी गेली आणि उतारवयात तो जवळजवळ पूर्ण अंध झाला, तरी तोंडी सांगून त्याचे लेखन चालूच राहिले. १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ते मूळ सूत्र आहे : ई चा (आय × क्ष) हा घात म्हणजे कोज्या क्ष अधिक आय गुणिले ज्या क्ष. इंग्रज गणिती रॉजर कोट्स याने १७१४ मध्येच हे सूत्र वेगळ्या पेहरावात मांडले होते. क्षच्या जागी पाय घातला की आपले समीकरण मिळते. पाच संख्यांची ही एका ओळीतली मांडणी मात्र त्या ग्रंथात नाही. ती पुढच्यांनी रूढ केली.

ऑयलरने काय केले? ई चा क्ष हा घात एका न संपणाऱ्या बेरजेने लिहिता येतो : १, अधिक क्ष, अधिक क्षचा वर्ग भागिले २, अधिक क्षचा घन भागिले ६, अधिक क्षचा चौथा घात भागिले २४, याप्रमाणे. या बेरजेत क्षच्या जागी आय × पाय घालावयाचे. सम घातांत आय नाहीशी होते, विषम घातांत शिल्लक राहते. सम घातांची तेवढी बेरीज कागदावर करून पाहा. पहिले पद १. त्यातून ४.९३४८ वजा करा, उणे ३.९३४८ आले. त्यात ४.०५८७ मिळवा, ०.१२३९ आले. १.३३५३ वजा करा, उणे १.२११४. मग ०.२३५३ मिळवा, उणे ०.९७६०. पुढे उणे १.००१८, आणि त्यापुढे उणे ०.९९९९. झोका हळूहळू स्थिर व्हावा तशी ही बेरीज उणे एकावर येऊन स्थिरावते. विषम घातांची बेरीज अशीच शून्यावर येते. म्हणजे ई चा आय-पाय हा घात बरोबर उणे एक. त्यात एक मिळवला की शून्य.

या बेरजा म्हणजेच ज्या आणि कोज्या यांच्या श्रेणी होत. त्या केरळातील संगमग्रामच्या माधवाने चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळात शोधल्या होत्या, आणि ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातील मल्याळम ग्रंथात त्यांची उपपत्ती दिलेली आहे. युरोपातील गणित्यांनी त्या स्वतंत्रपणे नव्याने शोधल्या.

१९९४ साली मी फळ्यावर लिहिले ते एवढेच. सारे बरोबर, आणि सारे मुके. हार्वर्ड विद्यापीठातील बेंजामिन पर्स या एकोणिसाव्या शतकातील प्राध्यापकांची एक हकीकत सांगतात. याच सूत्रातून निघणारे एक समीकरण वर्गात सिद्ध करून झाल्यावर ते म्हणाले, की हे अगदी विपरीत वाटते, याचा अर्थ आपल्याला कळत नाही, पण आपण ते सिद्ध केले आहे तेव्हा ते सत्य असलेच पाहिजे. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला दिलासा वाटला होता. नंतर लक्षात आले, की अर्थ कळत नाही हे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर कबूल केले होते. मी ते लपवले होते.

खळ्यातला तिवडा

त्यानंतर दोन वर्षांनी ग्रंथालयात एक जुने पुस्तक चाळताना मला आयचे चित्र सापडले. ते ऑयलरचे नव्हे. नॉर्वेत जन्मलेला भूमापक कास्पर वेसल याने ते १७९७ मध्ये मांडले आणि १८०६ मध्ये आर्गांने स्वतंत्रपणे मांडले. चित्र असे : संख्या केवळ एका रेषेवर नसतात, त्या पटांगणावर पसरलेल्या असतात. मध्यभागी शून्य. पूर्वेला एक पाऊल म्हणजे १, पश्चिमेला एक पाऊल म्हणजे उणे १. आणि आयने गुणणे म्हणजे काटकोनातून डावीकडे वळणे. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा आणि एकदा वळा. तोंड उत्तरेला झाले. ती आय. पुन्हा तसेच वळा. तोंड पश्चिमेला झाले. तो उणे एक. दोन वेळा आयने गुणले की उणे एक येतो, याचा अर्थ इतकाच, की दोन वेळा काटकोनातून वळले की माणूस पाठमोरा होतो. भास्कराचार्यांचे म्हणणे खोटे ठरले नाही. रेषेवर ते वर्गमूळ नाहीच. ते रेषेच्या बाजूला आहे.

ते चित्र पाहताना मला एकाएकी आमच्या गावचे खळे आठवले. माझ्या लहानपणी मळणी बैलांनीच होत असे. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, त्याला सैल दावे, दाव्याला बैल. बैल पुढे चालू पाहतो, पण दावे त्याला तिवड्यापासून दूर जाऊ देत नाही. म्हणून प्रत्येक पावलाला त्याची चाल दाव्याशी काटकोन करते. दावे लांबत नाही, आखडत नाही. बैलाला वाटते आपण सरळ चाललो आहोत, आणि होते ते वर्तुळ.

आता ई ची वाढ आठवा. साधी वाढ ज्या दिशेला संख्या आहे त्याच दिशेला होते. रुपयावरचे व्याज रुपयातच मिळते आणि ढीग लांबत जातो. पण घातांकात आय आली की वाढीची दिशा बदलते. प्रत्येक क्षणी वाढ होते ती काटकोनात, बैलाच्या पावलासारखी. तेव्हा संख्या मोठी होत नाही, ती फिरते. दाव्याची लांबी १ धरा आणि बैल तिवड्याच्या पूर्वेला उभा करा. त्याला पाय इतके अंतर चालू द्या. १ त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ दोन पाय असतो, म्हणून पाय इतके अंतर म्हणजे अर्धा फेरा. बैल आता तिवड्याच्या बरोबर पश्चिमेला उभा आहे. ती जागा म्हणजे उणे एक. तेथून पूर्वेकडे एक पाऊल टाका, तुम्ही तिवड्यापाशी पोचलात. ते शून्य.

हे समीकरण म्हणते ते एवढेच : अर्धा फेरा मारला की माणूस समोरच्या बाजूला पोचतो.

कोणाला शंका येईल, की चक्रवाढ व्याज आणि बैलाचे फिरणे यांची ही सांगड ओढूनताणून घातली असेल. हिशेब करून पाहू. पायइतके व्याज दहा हप्त्यांत, पण दर वेळी काटकोनात मिळवले, तर शेवटी आपण मध्यापासून १.६० अंतरावर असतो. हप्ते फार मोठे, म्हणून दावे लांबले. शंभर हप्ते केले तर अंतर १.०५ येते, हजार केले तर १.००५. हप्ते जितके बारीक, तितकी चाल गोल. क्षणोक्षणीच्या व्याजाला दावे नेमके १ राहते आणि अर्धा फेरा नेमका उणे एकावर संपतो. याकोब बर्नुलीचे व्याज, देकार्तने ‘काल्पनिक’ म्हटलेली संख्या आणि आर्यभटाचे वर्तुळ खळ्यात एकत्र येतात ते असे.

याचा उपयोग काय?

कला शाखेतील मुले हा प्रश्न कवितेबद्दल विचारत नाहीत, गणिताबद्दल हमखास विचारतात. दोन उपयोग सांगतो.

पहिला जुन्या कोड्याचा. वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येईल काय, हा प्रश्न ग्रीकांना पडला होता. आपल्या शुल्बसूत्रांतही वर्तुळाचा चौरस करण्याच्या आसन्न रीती आहेत. याचा निकाल १८८२ मध्ये जर्मन गणिती लिंडेमान याने लावला, तो याच समीकरणाच्या आधारे. पूर्ण सहगुणकांच्या बीजगणिती समीकरणाचे जे उत्तर असते, त्या संख्येला बैजिक म्हणतात. शून्येतर बैजिक संख्या ई च्या घातांकात ठेवली तर येणारे उत्तर कधीच बैजिक नसते, असे त्याने दाखवले. आता पाय बैजिक असता, तर आय × पायही बैजिक ठरले असते आणि ई चा तो घात बैजिक आला नसता. पण तो घात तर उणे एक, म्हणजे अगदी साधी बैजिक संख्या! म्हणून पाय बैजिक नाही. पट्टी-कंपासाने काढता येणाऱ्या लांब्या सगळ्या बैजिक असतात. तेव्हा तो चौरस काढणे अशक्य. दोन हजार वर्षांहून अधिक काळ चाललेला प्रश्न मिटला.

दुसरा उपयोग आपल्या डोक्यावर फिरतो आहे. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि अशा विजेचा हिशेब फिरत्या संख्यांनी सोपा होतो. चार्ल्स स्टाइनमेट्झ या अभियंत्याने १८९३ मध्ये ही रीत मांडली. वर्गातल्या पंख्याच्या विजेच्या हिशेबातही आपला बैल तिवड्याभोवती फिरत असतो.

आणि सौंदर्य?

राहिला तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग. हे समीकरण सुंदर असल्याचे दाखले पुष्कळ देता येतील. पुढे नामांकित झालेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९३३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते आपल्या वहीत ठळक अक्षरांत उतरवून घेतले होते. एका गणितविषयक नियतकालिकाने १९८८ मध्ये वाचकांपुढे चोवीस सिद्धांत ठेवून सौंदर्याचे गुण मागवले आणि १९९० मध्ये निकाल छापला; पहिला क्रमांक याचाच. २०१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पंधरा गणित्यांना साठ सूत्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. संगीत वा चित्र सुंदर वाटते तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच भाग सुंदर वाटणाऱ्या सूत्रांनीही जागा झाला. तेथेही हेच समीकरण अग्रभागी होते, आणि सर्वांत कुरूप म्हणून गुण मिळाले ते रामानुजन यांच्या, पायची किंमत देणाऱ्या एका अनंत श्रेणीला!

रामानुजन यांचे नाव येथे आले म्हणून त्यांच्या चरित्रातील एक आठवण सांगतो. कुंभकोणमला शाळेत असताना त्यांनी ऑयलरचे हेच ज्या-कोज्यांचे सूत्र स्वतःच्या बुद्धीने शोधले. ते आधीच सिद्ध झालेले आहे असे कळल्यावर त्यांनी आपले कागद घराच्या छपरात दडवून ठेवले. त्या मुलाची निराशा मला समजते. पण मला असेही वाटते, की ज्याने ते सूत्र आतून पाहिले, त्याला त्याचे सौंदर्य कोणत्याही मतमोजणीवाचून कळले असणार. छपरात दडवतात ते आपले वाटते म्हणूनच.

पूर्वी मी समजत होतो, की पाच थोर संख्या एका ओळीत बसल्या म्हणून हे समीकरण सुंदर. पण पाच मोठी माणसे एका छायाचित्रात बसल्याने छायाचित्र सुंदर होत नाही. एकमेकींना अनोळखी दिसणाऱ्या या संख्या मुळात एकाच हालचालीच्या भाग आहेत, आणि ती हालचाल बैलालाही जमते, यात मला सौंदर्य दिसते. अर्थ कळला की चमत्कार संपतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. मुके समीकरण मी नुसते मिरवीत होतो. ते बोलू लागल्यावर मला आवडू लागले. कविता शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे पटेल असे वाटते.

उत्तर माझ्याच गावच्या खळ्यात होते, आणि मी ते शोधण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला खाली बसवले. त्यानंतर दर वर्षी हे प्रकरण मी तिवडा आणि बैल काढून शिकवत आलो. आताच्या मुलांपैकी बहुतेकांनी मळणीयंत्रच पाहिलेले असते. मग मी एका मुलाला दोरीचे टोक धरून मध्ये उभा करतो आणि दुसऱ्याला तिच्याभोवती चालावयास लावतो. अर्धा फेरा झाला की विचारतो, “आता कुठे आलास?” सारा वर्ग ओरडतो, “उणे एक!”

त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. हा अंक तिच्या हाती पडला, तर एवढे तिला कळावे.